पुस्तक संपलं, आता पुढे काय?

प्रश्न : मी भरपूर वाचते, एक संपलं की त्याच रात्री दुसरं हातात, पण दोन महिन्यांनी कोणी विचारलं की अगं ते कसं होतं तर 'छान होतं' याच्यापुढे गाडी जात नाही, पात्रांची नावंसुद्धा आठवत नाहीत. सगळं परत वाचून काढू का?

उत्तर : नका काढू, निदान लगेच तरी नको. विसरणं सगळ्यांचंच होतं हो. मोंतेन हा सोळाव्या शतकातला फ्रेंच निबंधकार, आयुष्यभर पुस्तकांत राहिलेला माणूस, त्याने स्वतःच लिहून ठेवलंय की नवीन म्हणून उघडलेलं पुस्तक आपण काही वर्षांपूर्वी नीट वाचलेलं निघायचं, त्यात आपल्याच हाताच्या खुणा सापडायच्या! मग तो पुस्तकाच्या शेवटी वाचून संपल्याची तारीख आणि आपलं एकूण मत लिहून ठेवायला लागला. मला ही युक्ती आजही सगळ्यात भारी वाटते.

फक्त एक करा, लिहिताना पुस्तक बंद ठेवा. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली विद्यार्थ्यांवर केलेला प्रयोग आहे, काहींनी उतारा पुन्हा वाचला, काहींनी न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तर पुन्हा वाचणारे पुढे, पण आठवड्याने विचारलं तेव्हा आठवून लिहिणाऱ्यांच्याच जास्त लक्षात होतं. म्हणजे डोक्याला जरा ताण देऊन आठवलं की ते टिकतं, आणि पानं चाळली की सगळं ओळखीचं वाटतं म्हणून आपण समजतो की येतंय आपल्याला.

गोष्टीचा सारांश लिहीत बसू नका, तो कुठेही मिळतो. तुम्हाला काय झालं ते लिहा. उदाहरणार्थ, 'आईने पत्र न फोडताच परत ठेवलं तिथे जाम राग आला, का ठेवलं ते अजून कळत नाही. धाकट्या भावाचं शेवटचं वागणं पटलं नाही.' बास, एवढंच, वर तारीख. आठवड्याने परत एकदा न बघता आठवून बघा. पुस्तक लायब्ररीचं असेल तर प्लीज त्यात पेन लावू नका, वही करा. आणि लोकांचे रिव्ह्यू याच्यानंतर वाचा, आधी वाचलेत की दुसऱ्याचंच मत आपलं वाटायला लागतं, मग स्वतःला काय वाटलं होतं ते शोधूनही सापडत नाही.

प्रश्न : माझं उलटं आहे. मोठी कादंबरी संपली की आठवडाभर दुसरं काही वाचवतच नाही, दोन पानं झाली की ठेवून देतो. काही चुकतंय का?

उत्तर : काहीही चुकत नाहीये, ती माणसं इतके दिवस रोज तुमच्यासोबत होती, लगेच नवीन घरात कसं रमेल मन? थांबा खुशाल. वाचलेल्यांपैकी कोणी ओळखीचं असेल तर फोन करून तासभर बोला, त्याने फार मोकळं वाटतं. अगदीच हात शिवशिवत असतील तर कादंबरी सोडून प्रवासवर्णन, कविता, विज्ञानाचं काहीतरी घ्या म्हणजे तुलना होत नाही. त्याच लेखकाचं दुसरं पुस्तक मात्र एवढ्यात उघडू नका, बिचाऱ्या त्या पुस्तकावर अन्याय होतो.