काल घेतली, म्हणून आज जायचं नाही?

“माझे मिस्टर दारू सोडायच्या उपचाराला सहा आठवडे नीट गेले. मग एका शनिवारी घेतली आणि सोमवारी समुपदेशकाकडे जायचंच टाळलं. ‘आता कुठल्या तोंडाने जाऊ’ म्हणतात. मी रोज वास बघते, बाटल्या शोधते. आणखी काय करू? सासूबाईंना सांगू का? आणि नाल्ट्रेक्झोनच्या गोळीची सवय तर लागणार नाही ना?”

अगं, आधी ते वास घेणं थांबव. रागावू नकोस. माझ्या वहिनीने हेच दोन वर्षं केलं. त्यातून दादा फक्त दात घासण्यात तरबेज झाला.

तुझ्या पत्रात ‘घेतली’ पानोपानी आहे, ‘पुढची तारीख’ एकदाही नाही. माझं भांडण तिथेच आहे. घरी राहून उपचार घेणाऱ्याला ना वॉर्ड, ना दारावर पहारा. ठरल्या दिवशी तिथे जाऊन बसणं, एवढाच काय तो धागा. या आजारात माणूस मधेच घसरतो, त्यात नवल नाही. आणि घसरल्यावर तर आधी जायला हवं. शनिवारी सोबत कोण होतं, कशावरून बिनसलं, हे ताजं असतानाच समुपदेशकाच्या कामाचं. पण शरम नेमकी तेव्हाच आडवी येते.

दादाची तिसरी भेट अशीच चुकली. मग ‘गेल्या वेळी का आलो नाही ते काय सांगू’ म्हणून चौथी. असे चार महिने गेले. शेवटी तिथल्या नर्सचा फोन आला, “गुरुवारी पाचला या, मधे घेतली असली तरी या.” गेला! आम्ही घरचे इतके दिवस भाषणं देत होतो.

२००० साली नॅन्सी पेट्री या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. बाह्यरुग्ण उपचार घेणारे ४२ माजी सैनिक होते. त्यातल्या एका गटाला, न पिता आलं आणि ठरलेली कामं केली की भांड्यातून चिठ्ठी काढायला मिळे. बक्षिसं बहुतेक किरकोळच. आठ आठवडे त्या गटातले ८४ टक्के टिकले, नुसत्या नेहमीच्या उपचारातले २२ टक्के. हो, श्वास तिथेही तपासत; पण बक्षीस द्यायला, पकडायला नाही. वहिनीला मी हे सांगितलं तेव्हा ती तासभर बोलली नाही माझ्याशी.

तेव्हा आजच त्यांना फोन लावून दे, शेजारी बस, बोलू दे त्यांनाच. निघण्याआधी पुढची तारीख घ्यायची, ती दोघांच्या फोनमध्ये हवी. कामाची वेळ आड येत असेल तर संध्याकाळची किंवा व्हिडिओवरची भेट मागा. भेट चुकली तर तुला कळवायची परवानगी त्यांनी समुपदेशकाला देऊन ठेवावी. घरी आल्यावर “काय म्हणाले?” नको, “गेलात, बरं वाटलं” पुरे.

सासूबाईंना सांगायचं का, ते तुझ्या नवऱ्यालाच ठरवू दे. नाल्ट्रेक्झोन म्हणजे पिण्याची ओढ कमी करणारी गोळी, तिची सवय लागत नाही. मात्र यकृताचा त्रास किंवा वेदनाशामक चालू असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. आणि पुन्हा रोजचं, भरपूर पिणं सुरू झालं असेल तर एकदम बंद करायला लावू नकोस, आकडी येऊ शकते. त्यासाठी सोमवारची वाट बघायची नाही, त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा.