आजीचं आयुष्य लिहून ठेवायचंय, सुरुवात कुठून करू?

तुम्ही विचारलंय की आजी ऐंशीच्या घरात आहे, पण काही विचारलं की ‘माझ्यात काय मेलं सांगण्यासारखं’ म्हणून उठून जाते. माझी आजी तीन वर्षांपूर्वी गेली. त्याआधीच्या दोन दिवाळ्या मी याच उद्योगात घालवल्या, म्हणून सांगतो: साल विचारू नका.

मी पहिल्याच दिवशी वही उघडून ‘जन्म कधीचा?’ विचारलं आणि फसलो. आजोबांच्या शाळेच्या दाखल्यावर १ जून, आजीच्या आधारवर १ जानेवारी. पहिली तारीख गुरुजींच्या सोयीची, दुसरी कार्ड काढणाऱ्या पोराच्या.

मग विचारलं, ‘भूकंपात तू कुठं होतीस?’ आमचं गाव पाटण तालुक्यात, कोयनेच्या अंगाला. ११ डिसेंबर १९६७ ची पहाट. आजी तासभर बोलली. कौलं कशी घसरली, गोठ्यातली म्हैस दावं तोडून कुठं गेली, थंडीत किती दिवस सगळे खळ्यावर झोपले. मध्येच म्हणाली, ‘तुझा बाप तेव्हा अंगावर पीत होता, दात यायचे होते.’ झालं! म्हणजे वडिलांच्या दाखल्यावरचा १ जून १९६५ खोटा. लग्न ‘त्याआधी दोन पावसाळे’, तेही बसलं. पुण्याकडचे असाल तर १९६१ चा पानशेतचा पूर विचारा, लातूर-धाराशिवकडचे असाल तर १९९३ चा किल्लारीचा भूकंप.

७२ च्या दुष्काळाचंही तसंच. तिचं माहेर दुष्काळी माण तालुक्यात. तिकडे भाऊ-भावजया दुष्काळी कामावर खडी फोडत होते, लाल मिलोच्या, म्हणजे परदेशातून आलेल्या ज्वारीच्या, भाकरी खात होते आणि ही इकडे भाताच्या मुलखात. ‘ताटातला भात घशाखाली उतरायचा नाही,’ एवढंच बोलली आणि लसूण सोलत बसली. अशा वेळी पुढचा प्रश्न विचारू नका. मी विचारला होता.

कागद जरूर शोधा, पण कागदांत आजोबा सापडतात, आजी सापडत नाही. सातबारा त्यांचा, गिरणीतले कागद त्यांचे, १९८२ च्या गिरणी संपानंतर गावी परतल्याच्या आठवणीही त्यांच्याच. आजीचं तर लग्नात नावसुद्धा बदललेलं. तिचं मूळ नाव मला मिळालं ते माहेरच्या गावच्या फेरफारात, म्हणजे जमिनीच्या हक्कबदलाच्या नोंदीत, पणजोबा वारल्यावर झालेल्या वारस नोंदीत. भावांच्या खाली चौथी ओळ. तेव्हा आजीच्या माहेरचे फेरफार तहसीलच्या अभिलेख कक्षात मागा. जन्माची नोंद हवी असेल तर कोतवाल बुक, म्हणजे गाव नमुना १४, पाहा. जुनी पानं मोडी लिपीत असली तर ती वाचणारा शोधावा लागेल. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यांच्या वह्यांतही घराण्याची नावं मिळतात, फक्त आपलं मूळ गाव सांगता आलं पाहिजे.

घरातल्या वस्तू पुढ्यात ठेवा. आमच्याकडे एक गोधडी होती. तिच्यातला प्रत्येक तुकडा कुणाच्या लुगड्याचा, कुणाच्या परकराचा हे आजीला पाठ. एरवी जिचं नाव घरात कुणी घेत नसे, ती लहानपणी गेलेली आत्या मला त्या गोधडीतच भेटली.

ओव्यांचा किस्सा सांगून थांबतो. आजीला म्हटलं, ओवी म्हण. म्हणाली, ‘जातं नाही, ओवी कुठनं येईल?’ मला वाटलं, टाळतेय. शेजारच्यांच्या माळ्यावरून जातं उतरवलं, तांदूळ घातले. खुंट्याला हात लागला आणि अकरा ओव्या ओळीनं आल्या. भावांची नावं, माहेरचा देव, वाटेवरचा ओढा, सगळं त्यात. मी शहाण्यानं मोबाईल जात्याच्या शेजारीच ठेवला होता. तुम्ही तो तिच्या पदराजवळ, जात्यापासून लांब ठेवा. आमच्या रेकॉर्डिंगमध्ये शेवटच्या दोन ओव्या घरघरीत बुडाल्यात. थोरल्या आत्याला चार वेळा ऐकवल्या. एकीतला ‘बंधू’ तेवढा तिनं ओळखला.