जुन्या बाजारातलं ॲक्युट्रॉन घेण्याआधी

बुधवारी-रविवारी पुण्याच्या जुन्या बाजारात ॲक्युट्रॉन २१४ (बुलोव्हाचं, सेलवर कंप पावणाऱ्या ट्यूनिंग फोर्कने म्हणजे नादकाट्याने चालणारं, गुणगुणणारं मनगटी घड्याळ) दिसलं, तर आधी कानाला लावा. गुणगुण ऐकू येते पण सेकंदकाटा हलत नाही? म्हणजे कॉइल (फोर्कला कंप देणारं तारेचं वेटोळं) जिवंत आहे, दोष बहुधा इंडेक्स व्हील (फोर्कच्या कंपाने फिरणारं बारीक दातेरी चाक) किंवा पॉलमध्ये (त्याचे दात ओढणारी बारीक पट्टी). अजिबात आवाज नसेल तर चांगला सेल टाकून बघा. तरीही गप्प असेल तर बहुधा कॉइल गेलेली, आणि मग भाव निम्म्याहून खाली पाडा.

घड्याळ भरमसाट पुढे पळतंय? मूळ पारा-सेल १.३५ व्होल्टचा, आजचा सिल्व्हर ऑक्साइड १.५५ चा. फोर्कचा झोका वाढतो, पॉल एकदम दोन दात ओढतो. उपाय फेजिंगचा, म्हणजे पॉलची दातांवरची जागा नीट लावण्याचा; रेग्युलेटर (वेग थोडा कमी-जास्त करणारा भाग) फिरवून भागत नाही. इंडेक्स व्हील जेमतेम २.४ मिमीचं, त्यावर ३०० दात! चिमटा तिथे नेऊच नका.