वाचकांचे प्रश्न : माणसांत रमणारा मुलगा

प्रश्न : तारकर्लीजवळच्या आमच्या घरात पर्यटकांसाठी चार खोल्या आहेत. माझा मुलगा २३ वर्षांचा आहे. पाहुणा रिक्षातून उतरून अंगणात येईपर्यंत याची त्याच्याशी ओळख झालेली असते. गणपतीत वाडीतल्या प्रत्येक आरतीत त्याचा आवाज असतो आणि कोणाकडे आजारपण आले की पहिला तोच धावतो. नोंदवही लिहायचे मात्र नाव नको. गेल्या दिवाळीत एकाच खोलीसाठी त्याने दोन कुटुंबांना होकार दिला. विचारले तर ‘होतला सगळा बरा’ एवढेच उत्तर. त्याच्या वडिलांनी पाहुण्यांसमोर त्याला खडसावले, तेव्हापासून तो गप्प असतो आणि ‘माझे पुढे काही होणार नाही’ म्हणतो. कॉलेजात असताना दिलेल्या व्यक्तिमत्त्व चाचणीत त्याचा प्रकार ‘ईएसएफपी’ आला होता. वडिलांचा आग्रह आहे की त्याने बँकेच्या परीक्षा द्याव्यात. त्याचा स्वभाव बदलता येईल का?
– एक आई, मालवण तालुका

उत्तर : ताई, स्वभाव बदलण्याचा विचार आधी बाजूला ठेवा. त्याचा स्वभाव आणि त्याची नोंदवही या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि तुमच्या घरात त्यांची गल्लत झाली आहे.

‘मायर्स-ब्रिग्ज’ नावाची ही चाचणी स्विस मनोविकारतज्ज्ञ कार्ल युंग यांनी १९२१ मध्ये मांडलेल्या विचारांवर आधारलेली आहे. कॅथरीन ब्रिग्ज आणि त्यांची कन्या इझाबेल मायर्स या अमेरिकन मायलेकींनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तिला आकार दिला. तिच्यातील १६ प्रकारांपैकी तुमच्या मुलाच्या वाट्याला आलेला ‘ईएसएफपी’ हा चार इंग्रजी अक्षरांनी ओळखला जाणारा प्रकार माणसांच्या सहवासात उत्साह येणाऱ्यांचा, कल्पनेपेक्षा समोरच्या वस्तुस्थितीवर भिस्त ठेवणाऱ्यांचा, निर्णय घेताना माणसाचे मन पाहणाऱ्यांचा आणि आधीपासून आखणी करण्यापेक्षा वेळेवर ठरवणे पसंत करणाऱ्यांचा आहे. अशा माणसाला पाहुण्यांपैकी कोणाला बोट लागली आहे, कोणते मूल भुकेने किरकिरत आहे, कोणत्या आजींना पायऱ्या चढवत नाहीत हे न सांगता कळते आणि तो लगेच उठून काहीतरी करतो. हा उथळपणा नव्हे. समोरच्या क्षणाकडे पूर्ण लक्ष देणे ही मोठी क्षमता आहे आणि तुमचा व्यवसाय बऱ्याच अंशी तिच्यावरच चालतो, हे त्याच्या वडिलांनी त्याला एकदा स्पष्ट शब्दांत सांगायला हवे.

तुमच्या भागातला दशावतार पाहा. त्यातले संवाद लिहिलेले नसतात, नट ते रंगमंचावर उभ्या उभ्या रचतात. परंतु कोणते आख्यान लावायचे, त्यात कोणाची कोणती भूमिका आणि कोणता प्रसंग कोणत्या प्रसंगानंतर येणार हे आधी ठरलेले असते, म्हणूनच ती उत्स्फूर्तता उभी राहते. तुमच्या मुलाला ‘पाच वर्षांनी कुठे असशील’ हा प्रश्न विचारून उपयोग नाही. त्याला आजच्या दिवसाची चौकट हवी आहे. चार खोल्यांचे चार रकाने असलेला मोठा फळा स्वयंपाकघराच्या दारासमोर लावा. फोनवर बोलणे चालू असतानाच, होकार देण्यापूर्वी, त्याने फळ्यापाशी उभे राहून तारीख पाहावी आणि तिथेच नाव लिहावे. जे डोळ्यांसमोर असते आणि हाताने करता येते, ते अशी माणसे सहसा विसरत नाहीत. वहीच्या बंद पानांत मात्र त्यांचे मन लागत नाही. रात्री जेवणानंतर दहा मिनिटे कोणीतरी त्याच्याजवळ बसून दिवसाचा जमाखर्च मांडावा. त्याला एकट्याला कोपऱ्यात हिशेबाला बसवू नका.

मला अधिक काळजी त्याच्या गप्प होण्याची वाटते. या विचारपद्धतीनुसार अशा व्यक्ती ताणाखाली आपल्या नेहमीच्या वृत्तीच्या उलट वागू लागतात. एरवी उद्याची फिकीर न करणाऱ्या माणसाला अचानक सगळे भविष्य काळेकुट्ट दिसू लागते. चारचौघांत झालेला अपमान त्याला फार लागला आहे. त्याच्या वडिलांनी त्याला एकट्याला गाठून त्या दोन कुटुंबांच्या प्रसंगापुरतेच बोलावे. ‘तू नेहमीच असा’ हे वाक्य टाळावे. आणि तरीही त्याचे खाणे, झोप, मित्रांत जाणे अनेक आठवडे कमी राहिले, तर तो स्वभाव समजून थांबू नका, मानसोपचारतज्ज्ञांची भेट घ्या.

एक गोष्ट मात्र त्यालाही सांगा. चार अक्षरे म्हणजे बेजबाबदारीचा परवाना नव्हे. ती कल सांगतात, कुवत सांगत नाहीत. व्यक्तिमत्त्वाच्या संशोधनात माणसांत मिसळण्याची आवड आणि कामातील काटेकोरपणा हे स्वतंत्र गुण मानले जातात आणि हा काटेकोरपणा विशीपासून पुढे बहुतेकांमध्ये हळूहळू वाढत जातो. बँकेची परीक्षा त्याला स्वतःला द्यायची असेल तर त्याने जरूर द्यावी. केवळ घरातील चूक झाकण्यासाठी त्याला तिकडे ढकलू नये.

प्रश्न : आमच्या कनिष्ठ महाविद्यालयात बारावीच्या मुलांना ‘मायर्स-ब्रिग्ज’ ही व्यक्तिमत्त्व चाचणी देऊन शाखा आणि व्यवसाय सुचवावेत असा विचार आहे. तो योग्य ठरेल का?
– एक शिक्षिका, रत्नागिरी

उत्तर : त्यावर निर्णय सोपवू नका. ही चाचणी माणसाला बहिर्मुख किंवा अंतर्मुख अशा दोन कप्प्यांत टाकते, प्रत्यक्षात बहुसंख्य माणसे मधोमध असतात. त्यामुळे काही आठवड्यांनी तीच चाचणी पुन्हा दिल्यास अनेकांचा प्रकार बदलतो. नोकरीसाठी उमेदवार निवडताना तिचा वापर करू नये, असे तिच्या प्रकाशकांचेच म्हणणे आहे. मुलांनी स्वतःविषयी बोलायला सुरुवात करावी एवढ्यापुरती ती वर्गात घेता येईल. परंतु एखादी बोलकी, चटपटीत मुलगी ‘ईएसएफपी’ निघाली म्हणून तिला प्रयोगशाळेतून उठवून पर्यटनाकडे वळवणे हा तिच्यावर अन्याय होईल. त्याऐवजी मिरकरवाडा बंदर, आंबा प्रक्रिया उद्योग, रुग्णालय, न्यायालय अशा ठिकाणी मुलांना एकेक पूर्ण दिवस काम पाहू द्या आणि दुसऱ्या दिवशी त्यांना विचारा की त्यातले कोणते काम त्यांना कंटाळा न येता परत करावेसे वाटले.