दहा मिनिटांच्या कामाचे किती घ्यायचे?

प्रश्न: मी पीएलसी (कारखान्यातली मशीन चालवणारा छोटा कंट्रोल कॉम्प्युटर) प्रोग्रामिंग करतो, नऊ वर्षं कंपनीत होतो, आता दीड वर्ष झालं स्वतःचं सुरू करून. परवा इथल्या मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) एका पॅकिंग मशीनसाठी बोलावलं. प्रोग्राम ठीकच होता, प्रॉक्सिमिटी सेन्सर (वस्तू जवळ आली की सिग्नल देणारा) ढिला होऊन मागे सरकला होता, सेट करून नट आवळला, मशीन चालू. शेठ म्हणाले दहा मिनिटांचं तर काम, आणि 500 हातात ठेवले. माझे जाऊन-येऊन तीन तास गेले. तासाचा रेट काय धरू, आणि कमीत कमी किती?
(दांडिया बाजार, बडोदा)

उत्तर: आधी रेटचं बघू. बहुतेक जण जुना पगार भागिले 26 दिवस भागिले 8 तास करतात, 60,000 पगार असेल तर तासाचे 290च्या आसपास येतात, मग त्यावर थोडं चढवून 400 सांगतात आणि तिथेच मरतात. कारण स्वतःच्या धंद्यात सगळे तास विकले जात नाहीत हो! कोटेशन, वसुलीचे फोन, रिकामे दिवस, हे सगळं धरून वर्षाला 1000 तासांचं बिल झालं तरी पुष्कळ. घरी 9 लाख न्यायचेत आणि लॅपटॉप, केबल, सॉफ्टवेअर, पेट्रोल, मेडिक्लेम मिळून 3 लाख खर्च आहे समजा, तर 12 लाख भागिले 1000, म्हणजे तासाचे 1200. इन्कम टॅक्स या 9 लाखांतूनच जाणार, तेही धरा.

कमीत कमी फी म्हणजे अर्धा दिवस, चार तास, 4800. सरळ 5000 म्हणा. तुमचा अर्धा दिवस मोडला, मग सेन्सर दहा मिनिटांत सापडो की तीन तासांत. बडोद्याबाहेर हालोल-करजणला जायचं तर गाडीखर्च वेगळा. मी स्वतः दोन वर्षं फोनवर फुकट फॉल्ट शोधून दिलेत, तेव्हा हे लवकर सुचलं नाही म्हणून सांगतोय.

वर्षाची बिलं 20 लाखांच्या आत असतील तर सर्व्हिसवर जीएसटी रजिस्ट्रेशन लागत नाही, पण कोटेशनमधे "अधिक कर लागू असल्यास" लिहून ठेवाच. उद्यम रजिस्ट्रेशनही (छोट्या धंद्यांची सरकारी नोंदणी) करून घ्या, मग लेखी ठरलं असलं तरी पार्टीला 45 दिवसांच्या आत पैसे द्यावे लागतात, लेखी काही नसेल तर 15.

आणि त्या 500वाल्या शेठना हा रेट आजच व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा, मशीन पुन्हा बंद पडायच्या आधी.