सुरुवातीला एवढंच धर

भावा, मणक्याला मार लागून तुला दोनच महिने झालेत. 'देवानं माझ्याशीच असं का केलं' असं तू विचारतोस. विचार, खुशाल विचार. आमचं घर वारकऱ्यांचं, तरी मलाही असाच मार लागला तेव्हा मी वर्षभर देव्हाऱ्याकडे पाठ करून झोपलो. आई काही बोलली नाही. रोज सकाळी फक्त माझ्या कपाळाला बुक्का लावून जायची. राग आला म्हणजे श्रद्धा संपली, असं नसतं रे.

सध्या तीनच गोष्टी सांभाळ:

१. अंथरुणात दर दोन तासांनी कूस बदलून घे. खुर्चीत दर पंधरा-वीस मिनिटांनी वजन हलव. माकडहाड, टाचा रोज आरशात बघ. संवेदना नसते तिथेच जखम होते आणि एक बेडसोर, म्हणजे दाब पडून होणारी जखम, महिनोन्महिने आडवं पाडतो.

२. नवस कर, अंगारा लाव. पण त्यापायी फिजिओथेरपी बुडवू नकोस.

३. सगळी आशा चालण्यावर टांगू नकोस. माझी मोठी चूक हीच. पलंगावरून खुर्चीत एकट्यानं सरकलो, त्या दिवशी मी पहिल्यांदा पोटभर जेवलो.

आपले जवान मुरलीकांत पेटकर १९६५च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झाले आणि १९७२ला हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये पोहण्याचं सुवर्ण जिंकले. मधे सात वर्षं होती, हे लक्षात ठेव.

बाकीचं नंतर. रात्री तीनला फार वाईट वाटतं. तेव्हा एकटा पडून राहू नकोस, कुणाला तरी उठव.