ग्राहक मंचात जायच्या आधी कॉलेजच्या तक्रार समितीकडे जा

इंजिनिअरिंगच्या सेकंड इयरच्या एका मुलीचा मेसेज आलाय. खासगी विनाअनुदानित कॉलेज, कॉम्प्युटर ब्रँच. माहितीपुस्तिकेत छापलेलं की लॅबमधे प्रत्येकाला स्वतंत्र कॉम्प्युटर आणि लायब्ररी रात्री आठपर्यंत, प्रत्यक्षात वीस जणांच्या बॅचला अकरा मशीन चालू, लायब्ररी साडेचारला बंद, आणि डेटा स्ट्रक्चरचे सर ऑगस्टमधे सोडून गेले तेव्हापासून त्या तासाला कुणीच येत नाही, तरी टाइमटेबलवर त्यांचंच नाव आहे आणि हजेरी लागतेय. फीडबॅक फॉर्म वर्गातच भरून घेतला, वर रोल नंबर टाकायला लावला, नॅक (कॉलेजांना दर्जाची श्रेणी देणारी संस्था) येणारे तेव्हा सगळ्यांनी पाचपैकी पाच द्या म्हणाले. हिने दोन दिले तर एचओडींनी केबिनमधे बोलावून इंटर्नल मार्कांची आठवण करून दिली. वडिलांनी कर्ज काढून फी भरलीय. ती विचारते, मॅडम, पैसे भरले म्हणजे मी ग्राहक झाले ना, मग ग्राहक मंचात केस टाकू का?

माझ्या मुलीच्या वयाची आहेस म्हणून अगं-तुगं करते. तुझा राग अगदी रास्त आहे, पण ग्राहक मंचाचा रस्ता तुझ्यासाठी जवळजवळ बंद आहे. शिक्षण ही विकायची वस्तू नाही आणि विद्यापीठ 'सेवा' देत नाही असं सुप्रीम कोर्टाने २०१० मधे महर्षी दयानंद विद्यापीठाच्या केसमधे म्हटलं, आणि जानेवारी २०२० मधे राष्ट्रीय ग्राहक आयोगाच्या मोठ्या खंडपीठानेही शिक्षणसंस्थांना ग्राहक कायद्याबाहेर ठेवलं, कोचिंग क्लास मात्र आत राहिले. त्या निकालावर सुप्रीम कोर्टात अपिलं गेलीत, पण त्या भरवशावर तू दोन वर्षं घालवू नयेस असं मला मनापासून वाटतं. मान्यताच नसताना आहे सांगून प्रवेश दिले, अशा एका डेंटल कॉलेजच्या केसमधे २००९ मधे विद्यार्थ्यांच्या बाजूने निकाल लागलाय, पण तुझ्या कॉलेजला संलग्नता आहे म्हणतेस, मग ते तुला लागू पडत नाही.

तुझा खरा रस्ता म्हणजे यूजीसीचे, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचे, विद्यार्थी तक्रार निवारण नियम, २०२३. त्यात 'तक्रार' कशाला म्हणायचं त्याची यादी आहे आणि प्रवेशाच्या वेळी कबूल केलेलं दर्जेदार शिक्षण न देणं, पुस्तिकेत खोटी किंवा दिशाभूल करणारी माहिती छापणं, सांगितलेल्या सोयी न देणं हे सगळं त्यात आहे. म्हणजे तू जे लिहिलंस ते जवळपास शब्दाला शब्द.

आता एक गोष्ट नीट समजून घे. सेवेचा दर्जा मोजायची सर्व्हक्वाल नावाची पद्धत १९८८ पासून वापरात आहे, त्यात माणसाची अपेक्षा काय होती आणि हातात काय पडलं यातली तफावत मोजतात, कॉलेजात विद्यार्थी समाधानी का नाहीत हे बघायलाही ती वापरतात. कॉलेजच्या तक्रार समितीपुढे मात्र नुसती अपेक्षा चालत नाही, तिथे कॉलेजने काय कबूल केलं होतं ते दाखवावं लागतं. "शिकवणं चांगलं नाही" लिहिलंस तर ते तुझं मत ठरेल. "अमुक तारखेपासून अमुक विषयाचे इतके तास झाले नाहीत, हे टाइमटेबल आणि हा हजेरीचा स्क्रीनशॉट" असं लिहिलंस की त्यांना उत्तर द्यावं लागतं. म्हणून उद्यापासून वहीच्या मागच्या पानावर रोज तारीख, तास आणि कोण आलं ते लिही, लॅबमधे किती मशीन चालू होती तेही. मोघम आरोप करू नकोस, खोट्या तक्रारीवर कारवाईची शिफारसही लोकपाल (विद्यापीठात विद्यार्थ्यांची अपिलं ऐकणारे अधिकारी) करू शकतात.

अर्ज कॉलेजच्या विद्यार्थी तक्रार निवारण समितीकडे लेखी दे आणि पोच घे, तोंडी सांगितलेल्याला काही किंमत नाही. समितीने शक्यतो १५ कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो. तो पटला नाही तर मिळाल्यापासून १५ दिवसांत विद्यापीठाच्या लोकपालांकडे अपील, तिथे ३० दिवसांत निकाली काढायचा प्रयत्न अपेक्षित असतो. वकील करायची गरज नाही, बाबांना प्रतिनिधी म्हणून पाठवलंस तरी चालेल. समितीच नसेल किंवा अर्ज घेतच नसतील तर यूजीसीच्या ई-समाधान पोर्टलवर टाक, विद्यापीठालाही मेल कर.

इंटर्नलच्या धमकीचं मला सगळ्यात जास्त वाईट वाटलं. फीडबॅक घ्यायचा आणि खरं लिहिणाऱ्यालाच धरायचं, मग त्या पाचपैकी पाचला अर्थ काय उरतो? त्या दिवशी काय बोलणं झालं ते तारखेसह स्वतःला मेल करून ठेव आणि अर्जात स्वतंत्र मुद्दा म्हणून घाल. एकटी जाऊ नकोस, तोच अर्ज बॅचमधल्या सात-आठ जणांनी आपापल्या सहीने दिला तर एकीला वेगळं काढणं अवघड जातं. आणि मार्क खरंच कापले तर आधीचा दिनांकित अर्ज हाच तुझा सगळ्यात मोठा पुरावा.

विद्यापीठ सरकारी असेल तर तिथे दहा रुपये भरून माहिती अधिकारात अर्ज कर आणि संलग्नतेसाठी येणाऱ्या समितीचा शेवटचा अहवाल माग, कॉलेजने त्यात किती शिक्षक आणि किती कॉम्प्युटर दाखवलेत ते कळेल. उत्तराला ३० दिवस.

यातून लाखाची भरपाई मिळेल असं मी सांगणार नाही. शिक्षक नेमले जाणं, बुडालेले तास भरून निघणं, लायब्ररीची वेळ वाढणं एवढं पदरात पडू शकतं आणि परीक्षेआधी तुला तेच हवंय. तरी काही हललं नाही तर राज्यघटनेच्या कलम २२६ खाली हायकोर्ट आहे, पण ते शेवटी. तोवर फी थांबवू नकोस, तासाला बसणं सोडू नकोस, नाहीतर चूक तुझी दाखवतील. आणि वेबसाइटवरची ती माहितीपुस्तिका आज रात्रीच डाउनलोड करून ठेव, नव्या ॲडमिशन सुरू झाल्या की जुनी पीडीएफ काढून टाकतात.